सर्फबोर्डची फळी : आत पीयू की थर्माकोल?

समुद्राच्या लाटेवर उभे राहून घसरत जाण्याच्या खेळाला सर्फिंग म्हणतात, आणि त्यासाठी लागणारी लांबट फळी म्हणजे सर्फबोर्ड. २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. गोवा, कर्नाटकातील मुल्की, तामिळनाडूतील कोवलम येथे तो शिकवणाऱ्या शाळाही आहेत. आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या व टाक्या करणारे कारागीर बंधू पुष्कळ आहेत. अशी फळी आज ना उद्या दुरुस्तीसाठी त्यांच्यापैकी कोणाच्या तरी दारात येणार. कापड आणि रेझिन पाहून काम ओळखीचे वाटेल, आणि धोका नेमका तेथेच आहे.

पूर्वी ही फळी लाकडाचीच असे. हवाई बेटांवर कोआ आणि विलीविली या झाडांची लाकडे वापरीत. पुढे रेडवूडच्या भरीव फळ्या आल्या. काहींचे वजन ४५ किलोपर्यंत जाई. १९३२ साली टॉम ब्लेक याने पोकळ फळीचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या बाल्सा लाकडावर फायबर चढवू लागले आणि १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी बाल्साच्या जागी पीयू फोम आणला.

पीयू फोम आणि पॉलिएस्टर रेझिन ही जोडी तेव्हापासून जमली. फोमचा ठोकळा घासून आकार द्यायचा, मधोमध उभी लाकडी पट्टी ठेवायची म्हणजे फळी लवते पण सहजासहजी मोडत नाही, आणि वर फायबरचे कापड रेझिनमध्ये भिजवून बसवायचे. होडीत आपण ४५० ग्रॅमची मॅट थरावर थर घालतो. येथे मात्र चौरस मीटरला सुमारे १३५ ग्रॅमचे विणलेले पातळ कापड असते. पाय ठेवायच्या बाजूला बहुधा दोन थर, खाली एक. म्हणूनच टाचेच्या दाबानेही खळगे पडतात. कापड जाड केले तर फळी टिकते, पण जड होते आणि खेळाडूला ती नको असते. गिऱ्हाईकाला हलकेपणा आणि टिकाऊपणा दोन्ही हवे असतात, मात्र एकाच किमतीत दोन्ही देता येत नाहीत हे त्याला आधीच सांगावे.

दुसरी जोडी थर्माकोल आणि इपॉक्सी रेझिनची. ती जुनीच होती, पण ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्कने आपला फोमचा कारखाना एकाएकी बंद केला. अमेरिकेतील बहुतेक कारागीर त्याच्याच ठोकळ्यांवर अवलंबून होते. (कच्चा माल एकाच दुकानातून घेणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.) त्यानंतर थर्माकोलकडे ओढा वाढला. ही फळी हलकी असते, पाण्यावर उंच तरंगते, आणि इपॉक्सीचे कवच ठोकर अधिक सोसते. मात्र वाऱ्याने पाणी खळबळले की ती पायाखाली थरथरते. पीयूची फळी थोडी जड, पाण्यात बसून चालणारी. मुरलेले अनेक खेळाडू अजून तीच पसंत करतात. केवळ टिकाऊपणावर माल विकला जात नाही, तो असा.

आता मुख्य गोष्ट. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि ते थर्माकोल विरघळवते. थर्माकोलच्या फळीवर नेहमीचे रेझिन ओतले की आतून खड्डा पडत जातो आणि गिऱ्हाईकाची महागडी वस्तू तुमच्या हातात वाया जाते. म्हणून आधी परीक्षा करावी. फुटलेल्या जागेतून राईएवढा कण काढून त्यावर रेझिनचा थेंब टाकावा. कण विरघळला तर थर्माकोल समजावे. दाणेदार मणी दिसले तरी तेच. शंका राहिली तर इपॉक्सीच वापरावी. ती दोन्हींवर चिकटते. उलट, सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. इपॉक्सी महाग पडते. तो खर्च आधीच सांगून घ्यावा.

दुसरी चूक घाईची. फुटलेल्या फळीत खारे पाणी शिरते. थर्माकोलच्या मण्यांमधल्या फटींतून ते दूरवर पसरते. गोड्या पाण्याने धुऊन, फुटकी बाजू खाली करून सावलीत उभी ठेवावी आणि रोज वजन करावे. वजन उतरायचे थांबले म्हणजे सुकली. पावसाळ्यात यास बरेच दिवस लागतील. गिऱ्हाईक तगादा लावील, पण ओली फळी बंद केली तर उन्हात आतली वाफ व हवा फुगून कवच सुटते, आणि दोष तुमच्या कामाला लागतो.

तिसरी सवयीची. पॉलिएस्टरमध्ये आपण थंडी-उकाडा पाहून कॅटलिस्ट कमी-जास्त करतो. इपॉक्सीत तसे चालत नाही. डब्यावर लिहिलेले प्रमाण वजनकाट्यावर मोजूनच घालावे; हार्डनर जास्त घातल्याने ती लवकर सुकत नाही, मऊ व चिकट राहते. हातमोजे घालावेत. इपॉक्सीने एकदा अंगाला खाज सुटू लागली की पुढे थोड्याशा स्पर्शानेही पुरळ उठतो आणि ते काम कायमचे सोडावे लागते.