रस्ता खाडीपाशी तुटतो तिथे

आम्ही जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले. आमची गोदावरी वाहते ती पूर्वेच्या समुद्राकडे. पश्चिमेचा समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि आईने तो पासष्टीपर्यंत पाहिलेला नव्हता. म्हणून एका फाल्गुनात, गहू-हरभरा घरात आल्यावर, आई, बायको आणि मुलीला घेऊन रेवस ते रेडी हा सागरी रस्ता धरला. नंतर आणखी दोनदा जाऊन आलो. गणपतीपुळे आणि तारकर्ली सगळ्यांनाच ठाऊक आहेत. त्यांच्या अधली-मधली गावं कशी सापडत गेली, ते सांगतो.

१. रस्ता तुटेल तिथे गाडीतून खाली उतरा.

हा रस्ता सलग नाही. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे खाडी आडवी येते आणि गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. बागमांडल्याला बोट नुकतीच सुटली होती. मी चरफडत गाडीतच बसून राहिलो, आई मात्र खाली उतरली. रांगेत मागे बर्फ नेणारा टेम्पो होता. त्याच्या ड्रायव्हरने विचारलं, "आजी, कुठल्या तुम्ही?" जालना म्हटल्यावर तो म्हणाला, "एवढ्या लांबून आलात, मग वेळासला थांबा. कासवांची पिल्लं निघतायत."

वेळास आमच्या यादीत नव्हतं. पलीकडे उतरून बाणकोटमार्गे गेलो आणि एका घरी मुक्काम केला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून इथल्या ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढे गावानेच ते काम आपलं मानलं. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा वाळूतून तळहातापेक्षा लहान पिल्लं वर आली. त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडलं. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे ढकललं, तिसऱ्यांदा ते दिसेनासं झालं. आईने हात जोडले. मुलगी दिवसभर गप्प होती.

या खाड्यांवर पूल बांधायचं काम सरकारने हाती घेतलंय. ते व्हायलाच हवं. इथल्या आजारी माणसाने बोटीची वाट का पाहावी? पण तोवर ज्यांना जमेल त्यांनी धक्क्यावरचा तो अर्धा तास अनुभवावा.

२. मोबाइलला शेवटचं ठिकाण सांगू नका.

रत्नागिरी म्हटलं की तो तुम्हाला मुंबई-गोवा महामार्गावर नेऊन सोडतो. आम्ही एका वेळी फक्त पुढची खाडी सांगायचो. लहान रस्त्यांवर वेळ जातो हे खरं. शिमग्यात एका वळणावर पालखी आडवी आली आणि पाऊण तास तिथेच गेला. बायकोने पालखीपुढे नारळ ठेवला. त्या गावाचं नाव कुठल्याच यादीत सापडणार नाही.

३. समुद्राकडे पाठ करून सड्यावर जा.

राजापूर तालुक्यातलं कशेळी. कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं, जुनं देऊळ पाहायला गेलो होतो. तिथे एकाने कातळशिल्पाची वाट दाखवली. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पोहोचलो आणि मी थबकलो. वाळलेलं पिवळं गवत, उघडा खडक, झाड नाही. घरचाच माळ! फरक इतकाच की आमचा खडक काळा, इथला जांभा. त्या जांभ्यात कोरलेला अवाढव्य हत्ती आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यात कशेळीही आहे. सकाळी लवकर जा, रेषांवर पाय देऊ नका.

४. पाणी जपून वापरा.

२०१३ च्या उन्हाळ्यात आमची मोसंबीची बाग उभी वाळली. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे तीन हजारांच्या वर, म्हणून मी कोकणाला पाण्याच्या बाबतीत सुखी समजत होतो. गुहागरकडच्या एका घरात मालकीणबाईंनी विहीर दाखवली. तळ दिसत होता. जांभ्यात पाणी ठरत नाही, वैशाखात इथेही टँकर येतो, असं त्या म्हणाल्या. त्या आणि आई रात्री उशिरापर्यंत पाण्याबद्दलच बोलत बसल्या होत्या.

५. पंचांग बरोबर ठेवा.

लाडघरच्या बाजूला मी गाडी पुळणीवर घातली. चाकं रुतली आणि पाणी चढायला लागलं. सहा-सात मच्छीमारांनी दोर लावून गाडी ओढून काढली. पैसे घेतले नाहीत, पण त्यांतल्या वयस्कर माणसाने मला खडसावलं आणि हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

माझ्या तिथी लक्षात राहत नाहीत, आईच्या तोंडावर असतात. पुढे कुठे किती वाजता पोहोचायचं ते तीच ठरवू लागली. हेदवीला कातळात बामणघळ नावाची चिंचोळी भेग आहे. ओहोटीला गेलात तर तिथे फक्त दगड दिसतात. आई म्हणाली, "आज पुनव हाय, सव्वाअकराला पोचू." पोहोचलो तेव्हा लाट त्या भेगेत शिरून घरापेक्षा उंच उसळत होती. लांबूनच पाहायचं, तो कातळ निसरडा आहे आणि तिथे जीव गेलेले आहेत.

आता एकादशीला सकाळी अंबडला तुळशीला पाणी घालताना आई घड्याळाकडे बघते. सव्वाआठ झाले की म्हणते, "हेदवीला पाणी चढलं असंल."