ट्रॅक्टरला बाहेरून बसविलेला टर्बोचार्जर : बिघाड आणि वॉरंटीचा दावा



गाळप हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यात 45 ते 50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे जाऊ लागतो. चढावर इंजिन दबते, काळा धूर निघतो, गिअर खाली आणावा लागतो. मग गॅरेजमधून सल्ला मिळतो, "टर्बो बसवून घ्या, थोडा पंप वाढवून घ्या, मग ओढ बघा." ओढ वाढते हे खरे आहे. परंतु पुढे टर्बो आवाज करू लागला, तेल गळू लागले किंवा हेड गॅस्केट गेले की खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उभा राहतो. टर्बो विकणारी कंपनी, तो बसविणारा मिस्त्री आणि ट्रॅक्टरची कंपनी असे तिघेही हात वर करतात.

पीकशास्त्राच्या अध्यापकाने यंत्राविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. ऊस तुटून गेल्यावर बुडखे छाटणे, बगला फोडणे आणि खोडव्याला खत देणे ही कामे वेळेवर झाली नाहीत तर खोडव्याचे उत्पादन घटते. त्याच दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजला पडून राहिला तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर पिकाचाही तोटा होतो. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेऊ.

टर्बो नेमके काय करतो ?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल पूर्ण जळू शकते आणि शक्ती वाढते. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट 1905 मध्ये घेतले होते. तत्त्व जुने आणि उत्तम आहे. प्रश्न येतो तो टर्बोशिवाय आखलेल्या इंजिनावर तो नंतर चढविला जातो तेव्हा.

थोडा हिशेब करून पाहू. 3 लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला 2200 फेऱ्यांवर चालते असे समजा. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते, म्हणून मिनिटाला 3300 लिटर हवा लागेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, त्यामुळे सुमारे 2800 लिटर धरा. टर्बोने हवेचा दाब 0.7 किलोने वाढविला तर हवेची घनता साधारण एकतृतीयांशाने वाढते. म्हणजे एअर क्लीनरमधून मिनिटाला सुमारे 3800 लिटर हवा ओढली जाऊ लागते. शिवाय दाबली गेलेली हवा तापते. बाहेर 37 अंश सेल्सिअस असेल तर इंटरकूलर नसताना सिलिंडरकडे जाणारी हवा 115 अंशांच्या आसपास पोहोचते. ही उष्णता, वाढलेला दाब आणि वाढविलेल्या डिझेलची उष्णता हे सगळे पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांनाच झेलावे लागते.

कारखान्यातूनच टर्बोसह येणाऱ्या इंजिनात त्यासाठी पिस्टन वेगळा असतो, दाबाचे प्रमाण कमी ठेवलेले असते, अनेकदा पिस्टनच्या तळावर तेलाचा फवारा दिलेला असतो आणि पाण्याचा पंप व रेडिएटरही त्या मानाने मोठे असतात. क्लच आणि गिअरबॉक्सही वाढीव ओढीसाठी निवडलेले असतात. गॅरेजमध्ये यातले काहीच बदलले जात नाही. म्हणूनच बऱ्याच वेळा टर्बो शाबूत राहतो आणि क्लच प्लेट किंवा हेड गॅस्केट आधी जाते.

बिघाडाचे मूळ बहुधा तेलात आणि हवेत

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे फिरतो. तो बुशमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर काही सेकंद जरी तुटला तरी बुश खरवडले जाते. त्यामुळे टर्बो बसविताना सर्वांत जास्त लक्ष तेलाच्या दोन नळ्यांकडे द्यावे. दुर्दैवाने गॅरेजमध्ये घाईने उरकले जाणारे काम नेमके हेच असते.

तेल आणणारी नळी दाबाची असते. तिच्यात कचरा, वेल्डिंगचा खडा किंवा जोडाला लावलेल्या सिलिकॉनचा तुकडा राहता कामा नये. तेलाच्या जोडावर सिलिकॉन लावूच नये, योग्य पॅकिंग वापरावे. पिळून आत आलेला सिलिकॉनचा लहानसा तुकडा टर्बोचे तेलाचे छिद्र बंद करावयास पुरेसा होतो. नवा टर्बो बसविल्यावर त्याच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ इंजिन तेल भरून दांडा हाताने फिरवावा. मगच नळी जोडावी. इंजिन सुरू केल्यानंतर तीन-चार सेकंदांत तेल टर्बोपर्यंत पोहोचले पाहिजे. मंद गतीवर साधारण 0.7 किलो आणि भाराखाली 2 किलो दाब मिळतो की नाही, हे गेज लावून तपासावे. डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे, असे मानू नये.

परतीच्या नळीत दाब नसतो; तेल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरते. म्हणून ही नळी आणणाऱ्या नळीपेक्षा कितीतरी जाड, अंगठ्याएवढी असावी. ती शक्य तितकी सरळ खाली उतरावी, तिला मध्ये कोठेही झोळ नसावा आणि ती चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली असावी. नळी पातळीखाली जोडली किंवा तिला झोळ दिला तर तेल टर्बोत तुंबते, सीलमधून पंख्याकडे जाते आणि निळा धूर येऊ लागतो. मग "टर्बोचे सील खराब आहे" म्हणून टर्बो बदलला जातो आणि नवा टर्बोही तसेच तेल गाळतो. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या असतील व ब्रीदरमधून जोराने वाफ येत असेल, तरीही चेंबरमधील दाबामुळे परतीचे तेल अडते. अशा इंजिनाला टर्बो बसवूच नये. पैसा खर्च करावयाचा असेल तर तो आधी इंजिनाच्या कामावर करावा.

हवेचे म्हणाल तर जुन्या ट्रॅक्टरवर तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असतो. तो मूळ इंजिनाच्या हवेसाठी मापलेला असतो. एकतृतीयांश हवा जास्त ओढली गेली तर भांड्यातील तेलच हवेबरोबर उचलले जाते आणि धूळही नीट थांबत नाही. उन्हाळ्यातील आपल्याकडील फुफाटा लक्षात घेता टर्बोबरोबर योग्य मापाचा कोरडा, दोन जाळ्यांचा क्लीनर बसविणे आवश्यक आहे. क्लीनर आणि टर्बो यांच्यामधील रबरी नळीची क्लिप सैल राहिली तर टर्बो गाळलेल्या हवेऐवजी रस्त्याची धूळ पिऊ लागतो. दर आठवड्याला ही क्लिप हाताने हलवून पाहावी.

चालविणाऱ्याचीही जबाबदारी आहे. कारखान्याच्या गाडीतळावर भरधाव येऊन लगेच इंजिन बंद केले तर तापलेल्या टर्बोतील तेल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर चालू ठेवूनच इंजिन बंद करावे. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस करू नये. तेल टर्बोला चालणाऱ्या दर्जाचे घ्यावे आणि पूर्वीपेक्षा कमी तासांनी बदलावे.

तुटलेला भाग काय सांगतो ?

कंपनीकडे परत गेलेला टर्बो उघडला जातो आणि भाग पाहून कारण ठरविले जाते. हे वाचन आपल्यालाही ठाऊक असलेले बरे. दांडा निळा पडला असेल तर तेल पोहोचले नाही असा अर्थ होतो. बुशवर गोल खोल ओरखडे असतील तर तेलात कचरा होता. हवेच्या बाजूच्या पंख्याची पाती पुढच्या कडेला वाकली किंवा तुटली असतील तर क्लीनरच्या बाजूने नट, वॉशर किंवा तत्सम काही आत गेले. धुराच्या बाजूची पाती तुटली असतील तर इंजिनातील व्हॉल्व्हचा किंवा रिंगेचा तुकडा तेथे आला असावा. ही सगळी कारणे टर्बोच्या बाहेरची आहेत, आणि टर्बोच्या वॉरंटीत बहुधा यांना वगळलेले असते. म्हणून अशी खूण दिसली तर टर्बो कंपनीशी वाद घालण्यात हंगाम घालवू नये. नळ्या व क्लीनर कोणी बसविले ते पाहावे. उलट तेल स्वच्छ आहे, नळ्या बरोबर आहेत, पात्यांवर खूण नाही आणि तरीही थोड्याच तासांत दांडा मोडला किंवा कवच तडकले, तर उत्पादनातील दोषाचा दावा भक्कम ठरतो.

बसविण्यापूर्वीच कागद हवेत

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर माझे स्पष्ट मत असे, की टर्बो बसवू नये. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय इंजिनात फेरफार केल्यास वॉरंटी लागू राहणार नाही, अशी अट वॉरंटी पुस्तिकेत सहसा असतेच. ती एकदा वाचावी. विक्रेत्याच्या "काही होत नाही" या तोंडी शब्दाला नंतर किंमत नसते. मात्र बदलाशी संबंध नसलेला दोष, उदाहरणार्थ स्टेअरिंग किंवा मीटर यांचा, केवळ टर्बोचे कारण दाखवून नाकारला गेला तर नकार लेखी मागावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-क मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ट्रॅक्टरही याला अपवाद नाही. अपघात झाल्यास विमा कंपनीही हा मुद्दा काढू शकते. जास्त शक्तीची गरज कायमची असेल तर मूळ टर्बोसह येणारे मॉडेल पाहावे. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिचा अहवाल विक्रेत्याकडे मागून पी.टी.ओ. ची शक्ती आणि डिझेलचा खप ताडून पाहावा.

मूळचाच टर्बो खराब झाला आणि त्याजागी बाजारातला बसवावयाचा असेल तर गोष्ट वेगळी. तेथेही जी.एस.टी. क्रमांकाचे पक्के बिल, टर्बोच्या पाटीवरील भाग क्रमांक व अनुक्रमांक, वॉरंटी कार्ड आणि मिस्त्रीचे कामाचे बिल या चार गोष्टी घ्याव्यात. बिलावर तारीख आणि मीटरचे तास लिहून घ्यावेत. विक्रेता आणि बसविणारा एकच असेल तर उत्तम. जबाबदारी एकावरून दुसऱ्यावर ढकलली जात नाही. जुना टर्बो का गेला हे शोधल्याशिवाय नवा चढवू नये.

बिघडल्यावर काय करावे ?

शिट्टीसारखा नवा आवाज, निळा धूर किंवा ओढ अचानक कमी होणे यांपैकी काही जाणवले तर लगेच थांबावे. "एवढी खेप टाकून येतो" हा विचार फार महाग पडतो, कारण तुटलेले पाते किंवा टर्बोतील तेल इंजिनात गेले की टर्बोसोबत इंजिनही जाते. मीटरचे तास लिहावेत. दोन्ही नळ्या, क्लीनर व टर्बोची पाटी यांची जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत. टर्बो काढल्यावर उघडू नये, धुऊ नये. तोंडे कापडाने बांधून ठेवावीत. स्वच्छ बाटलीत थोडे तेल आणि जुना तेल फिल्टर राखून ठेवावा. गॅरेजमध्ये उघडलेला टर्बो वॉरंटीत घेतला जात नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते.

त्यानंतर विक्रेता व उत्पादक या दोघांनाही तारखेसह लेखी तक्रार पाठवावी आणि टर्बो सोपविताना पोच घ्यावी. तपासणीचा अहवाल लेखी मागावा. उत्तर न मिळाल्यास ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवावी. तरीही निकाल लागला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. मालासाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे फी लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर शेतकरी ग्राहक ठरतो, व्यापारी नव्हे. दोष तपासणीवाचून कळणार नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. टर्बो न उघडता ठेवण्याचे महत्त्व येथे कळते. मात्र बसविणारा वेगळा असेल तर त्यालाही तक्रारीत सामील करावे, नाहीतर टर्बो कंपनी त्याच्याकडे बोट दाखवील आणि तो समोर नसेल.

टर्बो बसविताना काढलेले मूळ मॅनिफोल्ड, सायलेन्सरचा पाईप आणि एअर क्लीनर भंगारात देऊ नयेत. नोंदणी तपासणीच्या वेळी किंवा ट्रॅक्टर विकताना ते पुन्हा चढवावे लागतात. इंधन पंपाची मूळ मांडणी किती होती, ती पंपवाल्याकडून लिहून घेऊन त्याच पिशवीत ठेवावी.