प्लगची हायब्रिड आणि बिनप्लगची हायब्रिड : शोरूममधले आकडे कसे तपासावेत



गेल्या महिन्यात वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली होती, तेव्हा एक सभासद खिशातून मोटारीचे रंगीत माहितीपत्रक काढून दाखवू लागले. मुलाने गाडी पसंत केली होती आणि उसाच्या बिलातून बयाणा द्यायचा बेत होता. म्हणाले, "साहेब, ही हायब्रिड हाय. रात्री घरी प्लग लावायचा आन् पेट्रोल इसरायचं, असं शोरूमवाला पोरगा म्हणला." माहितीपत्रक शेवटपर्यंत उलटून पाहिले. त्या गाडीला प्लग लावायची सोयच नव्हती!

पोरगा मुद्दाम खोटे बोलला असे आम्ही म्हणत नाही. बहुधा त्यालाच फरक कोणी शिकवला नसेल. पण बयाणा आपला जातो, म्हणून फरक आपण शिकून घेऊ.

हायब्रिड या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गाड्या विकल्या जातात. पहिली नावापुरती. इंजिनाला लहान मोटारीचा थोडा हातभार असतो, पण नुसत्या विजेवर ती चालत नाही. अशा सौम्य हायब्रिडला केंद्राची सवलत मिळत होती, ती १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. दुसरी बिनप्लगची पक्की हायब्रिड, उदाहरणार्थ इनोव्हा हायक्रॉस. हिची बॅटरी दीड-दोन युनिटांचीच. ब्रेक लावताना आणि इंजिनावर ती भरते, म्हणजे सगळी शक्ती अखेर पेट्रोलचीच. गावातल्या थांबत-चालत रहदारीत पेट्रोल खरोखर वाचते, ते नाकारू नये. पण "आपोआप चार्ज होणारी" म्हणून हिची जाहिरात झाली, तेव्हा नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२० साली ती दिशाभूल ठरवली. वीज फुकट येते असा समज होतो, हे त्यांचे म्हणणे.

तिसरी प्लगची. हिची बॅटरी साधारण दहा ते वीस-पंचवीस युनिटांची. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीतून भरते, पन्नास-साठ किलोमीटर विजेवर जाते आणि मग इंजिन सुरू होते. आपल्याकडे असल्या गाड्या आजवर फार थोड्या आल्या, त्याही महागड्या. व्होल्व्होची एक्ससी ९० २०१६ साली आली, बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ अखेर. (महागड्या गाड्यांचे आपल्या शहराला वावडे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या!)

आता हिशेबाकडे वळू. परीक्षण करणारा एक जण सांगतो, ही गाडी लिटरला शंभर किलोमीटर देते. दुसरा म्हणतो, छे, पंधराच देते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात आणि दोघेही फसवतात. समजा बॅटरीवर ६० किलोमीटर जाते आणि त्यापुढे लिटरला १५. आता गाडी रात्री भरून पैठणला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर करा. पहिले ६० विजेवर, उरलेल्या ४० ला पावणेतीन लिटर पेट्रोल. म्हणजे लिटरला सुमारे ३७. तीच गाडी घेऊन पुण्याला निघा, २४० किलोमीटर धरा. १८० ला १२ लिटर, म्हणजे लिटरला २०. आणि प्लग कधी लावलाच नाही तर पंधरावरच राहाल, शिवाय जड बॅटरीचे ओझे फुकट वाहाल. रोज चाळीसच किलोमीटर असेल तर पेट्रोल लागणार नाही म्हटले तरी चालेल, पण विजेचे बिल येईल, ते धरायला विसरू नका. तेव्हा लिटरचा आकडा सांगणाऱ्याला आधी विचारावे, किती किलोमीटरला आणि सुरुवातीला बॅटरी किती भरलेली?

हा नुसता कागदी वाद नव्हे. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची रस्त्यावरची माहिती तपासून २०२४ साली अहवाल दिला. प्लगच्या हायब्रिडचा खरा धूर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाला. कारण मालक गाडी चार्ज करतील असे धरले होते तितकी ते करत नव्हते.

उलट बाजूच्या अफवाही आहेत. बॅटरी संपली की गाडी रस्त्यात उभी राहते म्हणतात. नाही राहत, इंजिन आहे की! बॅटरी तीन वर्षांत जाते म्हणतात. इनोव्हा हायक्रॉससारख्या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी कंपनीच देते. हमी कागदावर लिहून घ्यावी, तोंडी नको.

कराबाबत तर जास्तच गोंधळ. "इलेक्ट्रिकसारखीच आहे" असे म्हणून सवलतीची आशा दाखवतात. नुसत्या बॅटरीवरच्या गाडीवर जी.एस.टी. ५ टक्के आहे. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, मग प्लग असो की नसो. हिरवी नंबरपाटीही बॅटरीवाल्या गाडीचीच.

बिडकीनमुळे ही चर्चा आपल्या भागात वाढली. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. तिथे विजेवरच्या व हायब्रिड गाड्या होतील असे जाहीर झाले. त्यावरून "आता प्लगवाली इथेच स्वस्त मिळणार" असे कोणी सांगू लागला तर ते त्याच्या पदरचे समजावे. आपल्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. याच कंपनीच्या जादा इथेनॉलवर चालणाऱ्या हायक्रॉसचा नमुना ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत दाखवला गेला. पण नमुना तो नमुना, दुकानातली गाडी नव्हे.

ते सभासद पुन्हा शोरूमला गेले. म्हणाले, "पोरा, प्लग कुठं लावायचा तेवढं दाखव." पोरगा गाडीभोवती फिरला, पेट्रोलचे झाकण उघडून पाहिले आणि साहेबांना बोलवायला आत गेला. साहेबांनी येऊन ही बिनप्लगची आहे हे कबूल केले. बयाणा अजून दिलेला नाही. उसाचा दुसरा हप्ता जमा झाल्यावर बघू, असे घरात ठरले आहे.