पॉलिशच्या चौकटीला रंग देण्यापूर्वी

घर रंगवावयाचे ठरले की भिंतींच्या छटा निवडण्यात आठवडा जातो. दारे-खिडक्यांच्या चौकटींची आठवण मात्र शेवटच्या दिवशी होते. काळवंडलेल्या जुन्या पॉलिशवर ऑइलपेंटचा एक हात मारून मोकळे व्हावे, असे वाटते. मीही एकदा तसेच केले. सहा महिन्यांच्या आत, रोज हात लागतो त्या कडीजवळच, रंगाचे पापुद्रे नखाने निघू लागले.

दोष रंगाचा नव्हता. पॉलिश, व्हार्निश किंवा मेलामाइन यांचे कामच लाकडाची छिद्रे बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचे. त्यात नवा रंग मुरत नाही, धरावयास खरखरीतपणाही मिळत नाही. शिवाय हाताचा तेलकटपणा, उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ यांचा थर वर असतोच.

हा थर प्रथम काढावा. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून, पिळलेल्या फडक्याने चौकट पुसावी व लगेच साध्या पाण्याने पुसून घ्यावी. मेण लावलेले असल्यास टर्पेंटाइन वापरावे. हा क्रम उलटू नये. आधी घासल्यास तेलकटपणा निघण्याऐवजी सर्वत्र पसरतो. चौकट पूर्ण वाळली की १२० व नंतर २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. घट्ट बसलेले पॉलिश मुळापासून खरवडण्याची गरज नाही; चकाकी जाऊन सर्वत्र सारखा मंदपणा आला की पुरे. नक्षीच्या खाचा बहुधा तशाच राहतात, आणि रंग पुढे तेथूनच सुटतो.

जुन्या घरात एक धोका संभवतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले व २०१७ मध्ये अमलात आले. चौकटीवर त्यापूर्वीचा रंग असेल तर कोरडे घासू नये. वॉटर पेपर भिजवून वापरावा, तोंडावर मुखपट्टी असावी आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

धूळ पुसून लाकडाच्या प्रायमरचा पातळ हात द्यावा. तो एका कोपऱ्यात आधी लावून पाहिलेला बरा. दोन-तीन दिवसांनी त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. प्रायमर पट्टीबरोबर निघाला तर पुन्हा घासणे आले. मग खिळ्यांची भोके लांबीने भरून, ती जागा घासून तेथे पुन्हा प्रायमर लावावा. त्यानंतर इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र सोडून. जाड हात ओघळतो, आणि दाराच्या कडेवर दिला तर दार अडकते. पावसाळ्यात तर लाकूड फुगलेले असते व रंगही लवकर वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत हे काम काढू नये.

काम कंत्राटाने द्यावयाचे असल्यास दरपत्रकात धुणे, घासणे, प्रायमर व लांबी यांचे दर वेगळे लिहून घ्यावेत. एकरकमी ठरावात काटछाट होते ती याच कामांत, आणि शेवटचा हात बसल्यावर ती डोळ्यांना दिसत नाही. चौकट चांगल्या सागवानाची असेल तर त्याच कारागिराकडून नव्या पॉलिशचाही दर मागवावा. एकदा रेषांत शिरलेला रंग पुढे काढून टाकणे फार जिकिरीचे असते.