पणजोबांचं पदक

कुतच्या वेढ्यात पणजोबांना शौर्यपदक मिळालं, असं आमच्या घरी सांगतात. सुट्टीत मी ते नीट पाहिलं. चांदीचं, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि ‘११७ मराठाज’. (पदक पॉलिशने घासू नका, ही अक्षरं झिजतात.) हे ब्रिटिश वॉर मेडल, आघाडीवर गेलेल्या प्रत्येक शिपायाला मिळालेलं. शौर्याचं आयडीएसएम १९०७ पासून वेगळं होतं. त्याच्या मागे ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’ अशी अक्षरं असतात.

आजीला हे सांगणं जड गेलं. पण ११७ मराठा पलटण खरोखरच कुतमध्ये होती: १४७ दिवस वेढा, उपासमार, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती, मग तुर्कांची कैद. पणजोबा त्यातून जिवंत परतले. ते मात्र घरात कुणी सांगत नव्हतं.