उंदीर पकडा, विष नको

दिवाळीच्या सुमारास नवे धान घरी येते आणि त्यामागोमाग उंदीरही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात अनेक घरांत धानाची पोती राहत्या खोलीतच असतात. उंदरामागे नाग येतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो. म्हणून बंदोबस्त हवाच; पण तो विषाने करू नये.

उंदीर मारण्याची काळी पूड म्हणजे बहुधा झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लामुळे तिच्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेलेले मूल एक-दोन दिवस बरे दिसते, मग यकृत निकामी होऊ लागते. कोपऱ्यातला विषारी तुकडा रांगत्या मुलाच्या हाती कधी लागेल, सांगता येत नाही.

घरगुती सापळा असा करा :

1) खोल, गुळगुळीत बादली भिंतीलगत ठेवा. उंदीर भिंतीच्या कडेनेच चालतो. आतून वरच्या बाजूस तेल चोळा, तळाशी थोडी तणस टाका. पाणी घालू नका.

2) प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीतून तार ओवून ती बादलीवर आडवी बसवा. बाटली सहज फिरली पाहिजे. मध्यभागी गुळात कालवलेला दाण्याचा कूट लावा.

3) काठापर्यंत फळी टेकवा. उंदराने बाटलीवर पाय ठेवला की ती फिरते व तो आत पडतो.

4) पहाटेच पाहा. झाकण ठेवून वस्तीपासून दूर पडिकात सोडा. हात लावू नका. चावल्यास जखम साबणाने धुऊन दवाखान्यात जा.

घुशीला मात्र लोखंडी पिंजराच हवा.

लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून पुसा. भिंतीची बिळे बुजवा, पोती फळीवर ठेवा. नाहीतर रोज नवा उंदीर येईल.

1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आला होता. प्लेगच्या पिसवा मेलेला उंदीर सोडून माणसाकडे वळतात. म्हणून गावात उंदीर आपोआप मरू लागले तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

चुकून कोणी विष खाल्लेच, तर ओकारी काढण्यात वेळ घालवू नका. विषाची पुडी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा. रुग्ण बरा दिसत असला तरी.