जुन्या जीपचे स्टेअरिंग : हंगामापूर्वीची तपासणी



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जोखड वाहिलेला खांदा तूप-हळदीने मळून घेतो. दसऱ्याला जीपला झेंडूची माळ घालतो. पण तिचा खांदा मात्र कोणी मळत नाही. गाडीचा खांदा म्हणजे पुढचा अॅक्सल आणि स्टेअरिंगचे सांधे. या पाठात त्यांचा विचार करू.

मागे एका हंगामात एक सभासद आपली जुनी जीप आमच्याकडे घेऊन आले. “गाडी जराशी डावीकडे ओढस, भाऊ,” एवढीच तक्रार. खाली शिरून पाहिले, तर टाय रॉडच्या नटाला स्प्लिट पिन नव्हती. तिच्या जागी कोणीतरी तार पिळून ठेवलेली, तीही तुटायला आलेली. आदल्या रात्री हीच गाडी चार माणसे घेऊन, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूने आली होती. नट गळून पडला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको. पिनेची किंमत चहाच्या कपाएवढी!

गाडी जुनी म्हणून बेभरवशाची, असे आम्ही मानत नाही. विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्या घडणीच्या गाड्या साध्या आणि मजबूत. त्यांना वय मारत नाही, साचलेली ढिल मारते. हातातल्या चाकापासून रस्त्यापर्यंत अनेक सांधे असतात. प्रत्येक सांधा केसभर झिजला, तरी सगळे मिळून चाक बोटभर मोकळे फिरते. त्यात आपली काळी माती सांध्यांना चिकटून ओल धरते आणि उन्हाळ्यात धूळ आत शिरते.

एक गैरसमज आधी दूर करू. जीपची चारही चाके ओढतात, पण वळतात फक्त पुढची दोन. चारही चाके वळणारी मोटारही निघाली होती. जपानच्या होंडा कंपनीने १९८७ मध्ये ‘प्रेल्यूड’ गाडीत ती सोय दिली. स्टेअरिंग थोडे फिरवले की मागची चाके पुढच्यांच्याच दिशेला वळत. जास्त फिरवले की उलट दिशेला, म्हणजे गाडी कमी जागेत फिरे. सोय चांगली, पण सांधे वाढले. अशी जुनी गाडी ठेवायची, तर मागच्या चाकांचीही तीच तपासणी करावी लागते. सांधे जितके जास्त, तितकी देखभाल जास्त, हा नियम सगळ्यांना सारखाच.

आता तपासणी. दोन माणसे आणि अर्धा तास पुरे.

१. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, चाके सरळ. स्टेअरिंग बोटांनी हळू डावी-उजवीकडे हलवा. पुढची चाके हलण्याआधी ते किती मोकळे फिरते ते पाहा. इंच-दीड इंचापेक्षा जास्त फिरत असेल तर पुढे शोध घ्या.

२. एकाने स्टेअरिंग हलवावे, दुसऱ्याने खालून एकेका सांध्यावर हात ठेवावा. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो सांधा झिजलेला. प्रत्येक स्प्लिट पिन डोळ्यांनी पाहा.

३. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचला आणि अॅक्सलखाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक वर-खाली धरून हलवा. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिल गेली तर दोष बेअरिंगचा. राहिली तर किंगपिनचा.

४. ग्रीस मारण्याआधी निपल पुसा, नाही तर मातीच आत ढकलाल. काळे ग्रीस निघून स्वच्छ दिसेपर्यंत मारा. चिखलातून आल्यावर किंवा गाडी धुतल्यावर पुन्हा मारा. स्टेअरिंग बॉक्समधले तेलही पाहा.

५. ढिल लपवण्यासाठी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळत बसू नका. स्टेअरिंग जड होते, वळणानंतर सरळ यायला अडते, आणि झिजलेला सांधा तसाच राहतो.

६. टाय रॉडचे काम झाले की चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. टायर एकाच कडेने खात असेल, तर ती तीच खूण आहे.

आणखी एक. पुढच्या चाकांचा गिअर चिखलापुरताच टाका. डांबरी रस्त्यावर तो तसाच राहिला तर वळताना स्टेअरिंग जड होते आणि टायर घासतात.

हे सारे पोळा ते दसरा या काळात उरकावे. एकदा गव्हाणीत मोळी पडली की कोणालाच फुरसत नसते. झेंडूची माळ अवश्य घाला. पण त्याआधी ग्रीस गन हातात घ्या.